बाळंतिणीचे ताट

सातपुड्याच्या पाड्यांवर बाळंतिणीच्या ताटात काय वाढले जाते हे पाहिले, तर बहुतेक घरी ज्वारीची किंवा नागलीची भाकर, नाहीतर रेशनच्या तांदळाची पातळ पेज आणि मीठ एवढेच दिसते. बाकीच्या पदार्थांना काही ना काही कारण असते. डाळ वातूळ, ती खाल्ली तर बाळाचे पोट फुगेल. अंडे उष्ण, बाळाच्या अंगावर पुरळ उठेल. मासा खाल्ला तर बाळाला खाज सुटेल. केळे थंड, बाळाला सर्दी होईल. शेंगदाण्याने खोकला होईल. पाणीसुद्धा बेताने प्यायचे, नाहीतर आईचे पोट सुटेल. पथ्य कधी सव्वा महिना चालते, कधी बाळ बसायला लागेपर्यंत. ज्या घरात आधी एखादे मूल दगावले आहे, तिथे ते जास्तच कडक असते, आणि त्यामागचे दुःख समजून न घेता त्याला नुसते अज्ञान म्हणणे मला योग्य वाटत नाही.

ही फक्त डोंगरातली गोष्ट आहे असेही समजू नये. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या आपल्या मंडळ्यांतील शिकलेल्या मुलीही बाळंतपणानंतर दूध, अंडी, शेंगदाणे, मासे आपणहून बंद करतात. धडगावच्या पाड्यावरची आजी म्हणते, ‘बाळाला बाधेल.’ शहरातली सून म्हणते, ‘बाळाला ॲलर्जी होईल.’ एकीने ते आपल्या सासूकडून ऐकले आहे, दुसरीने मोबाइलवर वाचले आहे. परिणाम मात्र एकच होतो. अंगावर पाजणारी बाई अर्धपोटी राहते, आणि तिच्या अर्धपोटी राहण्याने बाळाचे काहीच भले होत नाही.

मी डॉक्टर नाही. परंतु आपल्या सेवाकार्यात अनेक वर्षे डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यासोबत काम करताना या विषयावर जे शिकायला मिळाले आणि जे आता वैद्यकशास्त्रात मान्य आहे, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आधी दुधाविषयी. पाड्यावर पुष्कळ बायकांची समजूत अशी असते की आईने खाल्लेले पोटातून थेट स्तनात उतरते. मग डाळीने आईचे पोट गुबारले तर तोच वायू दुधातून बाळाच्या पोटात जाणार, हे त्यांना सरळ वाटते. पण दूध पोटातून येत नाही, ते रक्तातून तयार होते. खाल्लेले अन्न आतड्यात पचते, त्यातील सत्त्व रक्तात शोषले जाते, आणि स्तनातील ग्रंथी त्या रक्तातून लागेल ते घेऊन दूध बनवतात. डाळीचा वायू आतड्यात तयार होतो आणि तिथूनच बाहेर पडतो. तो दुधात जाऊ शकत नाही. ही एक गोष्ट चुलीपाशी बसून, बोटाने जमिनीवर आकृती काढून सांगितली की बऱ्याच आज्या मान डोलावतात. निदान डाळीपुरता तरी रस्ता मोकळा होतो.

मात्र आईच्या अन्नातले दुधात काहीच उतरत नाही, असे म्हणणेही खरे नाही. अंड्यातील, गाईच्या दुधातील, शेंगदाण्यातील प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश आईच्या दुधात सापडतात. लसणाचा वास उतरतो, हे तर बाळंतिणींना ठाऊकच आहे. शहरातल्या मुलींची भीती नेमकी इथे सुरू होते. अंश उतरतो म्हणजे बाळाला ॲलर्जी होणार, असा अर्थ त्या लावतात. बहुतेक सर्व बाळांच्या बाबतीत तसे होत नाही. ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने निरुपद्रवी अन्नाला शत्रू समजणे. काय शत्रू आणि काय अन्न, हे बाळाचे शरीर पहिल्या वर्षात शिकत असते, आणि हे शिक्षण मुख्यतः तोंडावाटे, आतड्यात होते.

वैद्यकशास्त्रानेही ही गोष्ट उशिराच ओळखली. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की ज्या घरात ॲलर्जीचा वारसा आहे, तिथल्या आईने अंगावर पाजत असताना शेंगदाणे टाळावेत, अंडी, गाईचे दूध आणि मासेही टाळण्याचा विचार करावा. बाळाला गाईचे दूध एक वर्षानंतर, अंडे दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणे व मासे तीन वर्षांनंतर द्यावेत. जगभर हा सल्ला पसरला. आपल्याकडेही अनेक डॉक्टर तो देऊ लागले, आणि आज ज्या आत्या-मावश्या नव्या आयांना ‘अंडे दोन वर्षांनीच’ असे बजावतात, त्यांनी तो त्या काळात ऐकलेला असतो. पण या पथ्याने ॲलर्जी घटली नाही. २००८ साली त्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. आईने गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना पदार्थ टाळल्याने बाळाची ॲलर्जी टळते, असा पुरावा नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. त्यानंतरचे अभ्यासही तेच सांगत आले आहेत.

याच सुमारास एक अभ्यास लंडनमध्ये झाला, आणि आपल्या वाचकांना तो विशेष आवडेल, कारण त्यात इस्राएल देश येतो. डॉ. गिडियन लॅक या ॲलर्जीतज्ज्ञांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की इंग्लंडमधील यहुदी मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील यहुदी मुलांपेक्षा दहा पटींनी जास्त आहे. वंश एकच, मग हा फरक कशामुळे? इस्राएलमध्ये बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा ‘बाम्बा’ नावाचा खाऊ चघळू लागतात. इंग्लंडमध्ये त्या काळी आया बाळांना सहसा शेंगदाणा देत नव्हत्या. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे घेतली. सगळी जोखमीची, म्हणजे ज्यांना आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती अशी. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत दिले नाहीत. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेंगदाणा टाळलेल्या मुलांत शंभरात सुमारे १७ जणांना त्याची ॲलर्जी झाली. खाणाऱ्यांत शंभरात सुमारे तिघांना. जे टाळून वाचवायचे होते, ते टाळल्यानेच ओढवत होते.

आता कोणी विचारील, मग आमच्या आज्यांना आईने मासा खाल्ल्यावर बाळाच्या अंगावर पुरळ दिसले, ते खोटे होते का? खोटे नव्हते. पुरळ होतेच. फक्त ते माशामुळे नव्हते.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या अंगावर पहिल्या काही दिवसांत लाल ठिपके उठतात, मधोमध बारीक पांढरी-पिवळी पुटकुळी असते. छाती, पाठ, चेहरा कुठेही. आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपोआप जातात. काही लावावे लागत नाही. त्यानंतर घामोळे येते, कारण बाळाला वैशाखातही गोधडीत गुंडाळून शेकोटीजवळ ठेवलेले असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालांवर मुरुमासारखे फोड येतात. दीड महिन्याच्या सुमारास बाळ संध्याकाळी कळवळून, पाय पोटाशी घेऊन रडते, आणि तीन-चार महिन्यांचे झाले की हे रडणे आपोआप थांबते. अंगावर पिणारे बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिवळे, पातळ शी करते, तेही निरोगी लक्षण असते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत बाळाला रोज काहीतरी होतच असते, आणि आईनेही रोज काहीतरी खाल्लेलेच असते. मंगळवारी सुकट खाल्ली, बुधवारी पुरळ दिसले, की सुकट दोषी ठरते. सुकट बंद केली, आठवड्याने पुरळ गेले, की दोष सिद्ध होतो. न खाताही ते गेलेच असते, हे पाहायला कोणी थांबत नाही. अशा रीतीने एकेक पदार्थ ताटातून उठत जातो, आणि शेवटी उरते ती पेज.

या उरलेल्या पेजेत काय आहे, याचा विचार आपण करू या. पहिल्या सहा महिन्यांत आई दिवसाला सुमारे पाऊण लीटर दूध बाळाला देते. त्यासाठी तिला रोजच्या आहारापेक्षा ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रमाण आहे. ६०० कॅलरी म्हणजे साधारणपणे आणखी एक पुरे जेवण. देवाने आईच्या देहाची रचना अशी केली आहे की ती उपाशी असली तरी दूध आटत नाही. दुधातील प्रथिने, कॅल्शियम, लोह बऱ्याच अंशी कायम राहतात. पण ते येते तिच्याच हाडामांसातून. भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशा बाईकडून पुन्हा डाळ, अंडे, मासा काढून घेतला तर पुढच्या बाळंतपणापर्यंत तिच्यात काय उरेल?

आणि काही गोष्टी मात्र दुधातही कमी होतात. अ जीवनसत्त्व, बी-१२, बी-१ ही आईच्या खाण्यावर अवलंबून असतात. बी-१ची कथा तर फार वाईट आहे. जिथे बाळंतिणीला आठवडेच्या आठवडे फक्त पांढरा, सडलेला तांदूळ देतात, तिथे आई बरी दिसते आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ अचानक धापा टाकू लागते, त्याचा आवाज बसतो, हृदय थकते. वेळीच बी-१चे इंजेक्शन मिळाले तर असे बाळ काही तासांत सावरते, न मिळाले तर जाते. काश्मीरच्या रुग्णालयांत आणि आग्नेय आशियात याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आपल्या सातपुड्यात नागली, ज्वारी, बर्टी, मोर ही भरड धान्ये होती, म्हणून हे संकट टळत आले. पण आता रेशनचा पांढरा तांदूळ बाळंतिणीला ‘हलका’ म्हणून दिला जातो आणि नागली जड म्हणून मागे पडते. ही अदलाबदल मला काळजीची वाटते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट. ज्या घरात म्हैस नाही, त्या घरातील बाळंतिणीची नागली काढू नये.

पवित्र शास्त्रात अंगावर पाजणाऱ्या आया आहेत. हन्नाने शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत त्याला मंदिरात नेले नाही. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मेजवानी दिली. पण मला या संदर्भात नेहमी मोशेची आई आठवते. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात फारोच्या कन्येने तिला तिच्याच बाळाला पाजण्यासाठी वेतन ठरवून दिले. पाजणे हे श्रमाचे काम आहे आणि ते करणारीला तिचा वाटा मिळाला पाहिजे, हे एका परकीय राजकन्येला समजले होते.

आपल्या राज्यातही आदिवासी भागासाठी २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. बाळंतिणीला पहिले सहा महिने अंगणवाडीत रोज एक वेळचे ताजे जेवण मिळावे, अशी ती योजना. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि उकडलेले अंडे, अंडे न खाणारीला केळी. वस्तुतः बाळंतिणीला जे जे ‘बाधते’ म्हणतात ते सगळे या एका ताटात आहे! म्हणून जेवण शिजते, पण काही पाड्यांवर बाळंतीण येत नाही. सव्वा महिना तिने उंबरा ओलांडायचा नसतो. तिच्या वतीने सासू किंवा मोठी मुलगी डबा घेऊन जाते. अंडे वाटेतच धाकट्या भावंडाला मिळते. कधी आई स्वतः येते आणि अंडे पदराच्या गाठीत बांधून घरी नेते. त्यात मायाही असते. त्या मायेला नावे ठेवून चालत नाही. आमच्या सेविका एवढेच करतात की तिच्याशी गप्पा मारत तिथेच बसून ते अंडे तिला खायला लावतात, आणि मोठ्या मुलालाही अंगणवाडीतून अंडे किंवा केळे मिळते हे तिला दाखवतात. सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी त्याच योजनेत ती तरतूद आहे.

आजीशी कसे बोलावे, हे आम्ही हळूहळू शिकत गेलो. बाळंतिणीला भाषण देऊन काही उपयोग नसतो, कारण ताट ती वाढत नाही. आजी वाढते. आणि आजीच्या सगळ्याच गोष्टी काही चुकीच्या नाहीत. बाळंतिणीला विश्रांती, गरम ताजे अन्न, मेथी, सुंठ, हळीव, डिंक, शेवग्याचा पाला, तीळ हे तिचेच ज्ञान आहे आणि ते उत्तम आहे. त्याची मोकळ्या मनाने स्तुती केली की मग डाळीविषयी बोलता येते. ‘आजी, दोन चमचे डाळीचे पाणी देऊन बघू या का? तीन दिवस बघू. काही झाले तर मला बोलवा.’ तीन दिवसांनी वरण घट्ट होते. एका घरात असे झाले की शेजारच्या घरी चार बायका आजीलाच विचारायला येतात.

श्रद्धावंत कुटुंबांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अनेकांनी पाचवीची पूजा सोडली, भगताकडे जाणे सोडले, पण बाळंतिणीचे पथ्य तसेच ठेवले. काही पाळकबंधू अशा वेळी प्रेषितांची कृत्ये दहाव्या अध्यायातील पेत्राच्या दृष्टान्ताचा आधार घेतात. मला तो इथे लागू वाटत नाही. आजी अंड्याला अशुद्ध म्हणत नाही. ती घाबरलेली आहे, तिने मुले पुरलेली आहेत. तिला शास्त्रवचन ऐकवण्यापेक्षा तिच्या भीतीजवळ बसावे लागते. पाळकांच्या पत्नीने बाळंतिणीच्या घरी प्रार्थनेला जाताना डाळ-शेवग्याचे गरम कालवण बरोबर न्यावे आणि सर्वांनी मिळून जेवावे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ काम होते.

मग आईने काहीच टाळायचे नाही का? टाळायचे आहे. दारू पहिली. काही घरांत बाळंतिणीला ऊब यावी म्हणून मोहाची दारू देतात. मद्य रक्तातून दुधात जसेच्या तसे उतरते. मोहाची फुले भाजून लाडू करून द्यावीत, दारू देऊ नये. तंबाखू आणि मिश्री दुसरी. निकोटीन दुधात उतरते, आणि घरातल्या विडीचा व चुलीचा धूर बाळाच्या छातीला घरघर लावतो. डॉक्टरांना न विचारता घेतलेली औषधे आणि बाजारची जडीबुटी तिसरी. यांतले एकही सहसा आजीच्या यादीत नसते, हा त्यातला विरोधाभास.

खरी ॲलर्जी असलेली बाळेही असतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. केवळ आईच्या दुधावरच्या बाळाला तिच्या आहारातील गाई-म्हशीच्या दुधाचा त्रास होऊ शकतो. असे बाळ शंभरात एकही नसते, पण असते. शीतून वारंवार रक्त आणि शेम पडते, इसब बरे होत नाही, वजन वाढत नाही. अशा वेळी डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर बंद करायला सांगतात. लक्षणे थांबली तर पुन्हा थोडे दूध देऊन खात्री करतात. ही पायरी महत्त्वाची आहे, कारण पुष्कळदा पथ्य सुरू होते आणि खात्री कोणी करीत नाही. आई वर्षभर उगाच उपवास काढते. आईने दूध बंद केलेच तर नागली, तीळ, काट्यासकट खायचे बारीक मासे आणि कॅल्शियमच्या गोळ्या वाढवाव्यात. आणि या कारणाने अंगावर पाजणे थांबवू नये. ॲलर्जी आईच्या दुधाची नसते. रक्ताची शी दिसली की घरीच पथ्य ठरवत बसू नये, हगवण किंवा आतड्याचा दुसरा आजारही असू शकतो. बाळाला दवाखान्यात न्यावे.

बाळाला वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाले की सुरू करावे आणि पाजणे दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे. सहा महिन्यांच्या आत गुटी, गुळाचे पाणी, पाणी काहीही नको. मध तर पहिले वर्षभर देऊ नये. त्यातील जंतूंमुळे लहान बाळाला लुळेपणा येणारा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर मात्र उशीर करू नये. नागलीची खिमटी, मऊ वरण-भात, नीट उकडून कुस्करलेले अंडे, काटे काढलेला मासा, भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट पेजेत मिसळून. एका वेळी एक नवा पदार्थ, दोन-तीन दिवस थोडा थोडा, आणि मानवला की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचा. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, एकसारख्या उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वास घरघरू लागला किंवा बाळ गळून गेले, तर थांबायचे नाही, १०८ला फोन करायचा. ज्या बाळाला आधीच तीव्र इसब आहे, त्याला अंडे व शेंगदाणा डॉक्टरांना विचारून सुरू करावा.

इसबावरून त्वचेची एक गोष्ट सांगायला हवी. डॉ. लॅक यांचेच म्हणणे आहे की अन्न तोंडावाटे गेले तर शरीर त्याला आपले मानते, पण तेच अन्न फुटलेल्या, सोललेल्या त्वचेतून आत गेले तर शरीर त्याला शत्रू मानू लागते. आपल्याकडे बाळाला डाळीचे पीठ, दूध, साय लावून चोळण्याची रीत घरोघरी आहे. निरोगी कातडीला त्याने फारसे बिघडत नसेल, पण जिथे इसब आहे, चिरा आहेत, पाणी येते आहे, तिथे ही लेपने लावू नयेत. कोमट पाण्याने स्नान आणि साधे व्हॅसलीन पुरते.

आता आपणां दात्यांसाठी. कुपोषणाच्या बातम्या वाचून आपल्यापैकी काही जण बाळांसाठी दूध-पावडरीचे डबे आणि बाटल्या पाठवण्याची इच्छा कळवतात. अलीकडे ‘ॲलर्जी होत नाही’ असे लिहिलेल्या महागड्या डब्यांविषयीही विचारणा होते. आपले प्रेम आम्ही जाणतो, पण कृपया हे पाठवू नका. जिथे पाणी झऱ्याचे आणि जळण मोजके, तिथे बाटली म्हणजे हगवण. शिवाय १९९२च्या कायद्यानुसार असे डबे, बाटल्या आणि बाळाचे तयार अन्न अनाथालयाखेरीज कोणालाही दान करता येत नाही, वाटता येत नाही. ज्या बाळाला आई नाही किंवा ज्याला खरोखरच असे दूध लागते, त्याचा निर्णय डॉक्टर करतात.

आपली मदत आईच्या ताटात पडू द्या. एका बाळंतिणीला रोज एक अंडे, एक वाटी तूरडाळ, मूठभर शेंगदाणे आणि थोडा गूळ इतके सहा महिने मिळाले तर जास्तीची सतरा ग्रॅम प्रथिने सहज भरून निघतात. डाळ आणि शेंगदाणा नंदुरबारच्या बाजारातच मिळतो, म्हणून धान्य पाठवण्यापेक्षा पैसे पाठवलेले बरे. वाहतुकीचा खर्च वाचतो. सुकट आणि बोंबील मात्र आम्हांला किनाऱ्याकडून मागवावे लागतात. वसई, रायगडच्या मंडळ्यांतून स्वच्छ वाळवलेले, कमी मिठाचे मिळाले तर फार उपयोग होईल. हे सर्व मे महिना संपण्यापूर्वी पाड्यांवर पोहोचायला हवे. जून लागला की धडगावकडचे काही रस्ते पाण्याखाली जातात, अंडी पोहोचत नाहीत, आणि आश्विनापर्यंत घरात जे साठवलेले असेल तेवढ्यावरच बाळंतिणीला पाजावे लागते. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्यातील अंगावर पाजणाऱ्या आयांना निघताना लाडू, सुकट आणि लोहाच्या गोळ्या बांधून द्यायच्या आहेत. प्रसूतीनंतर १८० दिवस त्या गोळ्या घ्यायच्या असतात आणि फडावर त्या मिळत नाहीत. लाडू वळायला आपल्या महिला मंडळांचे हात लागतील. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस ज्यांना येणे शक्य आहे, त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे.